मत्स्यशेती : तळ्यातील उत्पन्न आणि गंगेचे स्वास्थ्य

वाराणसी : गंगा, वरुणा आणि गोमती या नद्यांच्या सान्निध्यात वसलेल्या वाराणसी जिल्ह्यात मासेमारी हा निषाद, मल्लाह, केवट आणि बिंद समाजांचा परंपरागत व्यवसाय आहे. एकेकाळी इथल्या बाजारातील मासा प्रामुख्याने नदीतून येत असे. आज मात्र पूर्वांचलातील तळ्यांत वाढवलेला, तसेच आंध्र प्रदेशातून बर्फात भरून आलेला संवर्धित मासाही येथे मोठ्या प्रमाणावर विकला जातो. मत्स्यशेतीने ग्रामीण कुटुंबांना उत्पन्नाचा नवा मार्ग दिला, स्वस्त प्रथिने दिली आणि पडीक तळ्यांना मोल मिळवून दिले. त्याचबरोबर परकीय प्रजातींचा नदीतील शिरकाव, पोषकद्रव्यांचे प्रदूषण आणि मूळ वंशाची भेसळ असे प्रश्नही तिने निर्माण केले. पूरप्रवण सपाट प्रदेशात तळे आणि नदी यांच्यातील सीमा किती पक्की राहते, यावरच या व्यवसायाचे पर्यावरणीय यश अवलंबून आहे.

एका प्रयोगातून घडलेला व्यवसाय

कटला, रोहू आणि मृगळ हे भारतीय कार्प मासे मूळचे गंगा खोऱ्यातील. पावसाळ्यात नदीला पूर आला की ते वाहत्या पाण्यात अंडी घालतात. साचलेल्या पाण्यात त्यांचे प्रजनन होत नाही. त्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तळ्यात सोडण्याचे बीज नदीतूनच पकडून आणावे लागे. त्या बीजात नको असलेल्या माशांची पिल्लेही मिसळलेली असत आणि पुरवठा पावसाच्या लहरीवर अवलंबून असे.

ही अडचण 10 जुलै 1957 रोजी दूर झाली. डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशात पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. याच घटनेच्या स्मरणार्थ 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. त्यानंतर मत्स्यबीज केंद्रे उभी राहिली आणि मिश्र मत्स्यसंवर्धनाची पद्धत रुजली. या पद्धतीत पाण्याच्या वरच्या थरात चरणारा कटला, मधल्या थरातील रोहू आणि तळाशी राहणारा मृगळ एकाच तळ्यात वाढवले जातात. त्यांच्या जोडीला चंदेरा, गवत्या आणि कॉमन कार्प हे परदेशी मासेही सोडले जातात. प्रत्येक मासा वेगळे अन्न खात असल्याने तळ्यातील नैसर्गिक खाद्याचा पूर्ण उपयोग होतो.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनुसार 2022 मध्ये जगात 9.44 कोटी टन जलचर प्राण्यांचे संवर्धन झाले. एकूण जलचर उत्पादनातील संवर्धनाचा वाटा 51 टक्क्यांवर गेला आणि त्याने प्रथमच नैसर्गिक मासेमारीला मागे टाकले. भारताचे मत्स्योत्पादन 2022-23 मध्ये 175.45 लाख टन होते. त्यापैकी 131.13 लाख टन, म्हणजे जवळपास तीन चतुर्थांश, उत्पादन अंतर्गत जलस्रोतांतून आले.

लाभ : अन्न, उत्पन्न आणि तळ्यांचे रक्षण

माशाच्या मांसात साधारणतः 16 ते 20 टक्के प्रथिने असतात आणि ती सहज पचतात. मासा शीतरक्ताचा असल्याने शरीराचे तापमान राखण्यासाठी त्याला ऊर्जा खर्च करावी लागत नाही. म्हणूनच तेवढ्याच खाद्यातून माशांचे मांस गुरे किंवा शेळ्यांच्या तुलनेत अधिक मिळते. कार्प मासे तर बव्हंशी प्लवक, शेवाळ आणि तळातील सेंद्रिय पदार्थांवर वाढतात. त्यांना सागरी मासळीची भुकटी फारशी लागत नाही. मांसाहारी माशांच्या संवर्धनाच्या तुलनेत कार्पशेतीचा पर्यावरणावरील भार त्यामुळे हलका असतो.

आर्थिक बाजूही भक्कम आहे. केंद्र सरकारने 2020 मध्ये 20,050 कोटी रुपयांची प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना सुरू केली. तळे खोदणे, मत्स्यबीज केंद्र उभारणे, खाद्य निर्मिती आणि शीतवाहतूक अशा कामांसाठी प्रकल्प खर्चाच्या 40 टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना 60 टक्के अर्थसाहाय्य मिळते. देशातील तळ्यांची सरासरी उत्पादकता हेक्टरी 3 टनांवरून 5 टनांवर नेणे हे या योजनेचे एक उद्दिष्ट आहे. किसान क्रेडिट कार्डाची सुविधाही 2018-19 पासून मत्स्यव्यावसायिकांना लागू झाली आहे.

उत्तर प्रदेशात ग्रामसभेची तळी मत्स्यसंवर्धनासाठी दहा वर्षांच्या पट्ट्याने दिली जातात आणि त्यात मच्छीमार समाजांना प्राधान्य असते. या व्यवस्थेचा एक अप्रत्यक्ष लाभ महत्त्वाचा आहे. ज्या तळ्यातून उत्पन्न मिळते, ते बुजवून त्यावर बांधकाम करणे अवघड होते. उत्तर प्रदेशातीलच हिंचलाल तिवारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये तळी ही समाजाची भौतिक संपत्ती असून त्यांचे संरक्षण आवश्यक असल्याचे स्पष्ट केले होते. मत्स्यशेती या संरक्षणाला आर्थिक आधार देते. जिवंत तळे पावसाचे पाणी साठवते, भूजल भरते आणि जनावरांची तहानही भागवते.

नदीवरील मासेमारीचा ताण कमी होणे हा आणखी एक लाभ सांगितला जातो. तो मात्र आपोआप पदरात पडत नाही. नदीत जाळे टाकणाऱ्या मच्छीमाराकडे तळे किंवा भांडवल नसेल, तर तळ्यातील मासा त्याची मिळकत वाढवत नाही, उलट बाजारभाव पाडतो. पट्टे प्रत्यक्षात कोणाच्या हाती जातात, हा म्हणूनच पर्यावरणाचाही प्रश्न ठरतो.

पाण्याचे बदलते रसायन

तळ्यात टाकलेल्या खाद्यातील नत्रापैकी साधारणतः 20 ते 30 टक्केच नत्र माशांच्या शरीरात साठते. उरलेले न खाल्लेल्या खाद्यातून, विष्ठेतून आणि कल्ल्यांवाटे बाहेर पडणाऱ्या अमोनियातून पाण्यात मिसळते. स्फुरदाचा मोठा भाग तळाच्या गाळात साठतो. या पोषकद्रव्यांवर शैवाल झपाट्याने वाढते. दिवसा ते प्राणवायू सोडते, रात्री मात्र स्वतःच तो वापरते. त्यामुळे दाट हिरव्या तळ्यात पहाटेपूर्वी प्राणवायू सर्वांत कमी होतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागतात. ढगाळ आणि उकाड्याच्या दिवसांत एका रात्रीत संपूर्ण तळे मृत माशांनी भरू शकते.

असे पाणी तळ्यात राहिले तर नुकसान मत्स्यशेतकऱ्याचे होते, नाल्यात सोडले तर ते सर्वांचे होते. पोषकद्रव्यांच्या अतिरेकाने नदीची काय स्थिती होते, हे वाराणसीने 2021 च्या उन्हाळ्यात पाहिले. मे-जूनमध्ये घाटांवरील गंगेचे पाणी हिरवे झाले. जिल्हा प्रशासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत या शैवालाचा उगम वरच्या अंगाला मिर्झापूर जिल्ह्यातील विंध्याचल येथील जुन्या पद्धतीच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रापर्यंत पोहोचला. त्या घटनेला मत्स्यशेती कारणीभूत नव्हती. मात्र प्रवाह मंदावलेल्या नदीची पोषकद्रव्ये सामावून घेण्याची क्षमता किती मर्यादित असते, हे तिने दाखवून दिले. पूर्वांचलातील तळी सहसा उन्हाळ्यात उपसून कोरडी केली जातात आणि नेमका तोच नदीच्या किमान प्रवाहाचा काळ असतो.

तळे तयार करताना नको असलेले मासे मारण्यासाठी मोहाची पेंड वापरली जाते. तिच्यातील सॅपोनिन माशांना विषारी असते. तिचा प्रभाव दोन ते तीन आठवड्यांत ओसरतो आणि नंतर पेंड खताचे काम करते. त्यामुळे तळ्यापुरता हा उपाय रसायनांपेक्षा सुरक्षित मानला जातो. परंतु त्या कालावधीत पाणी ओढ्यात गेल्यास खालच्या अंगाचे मासेही मरतात.

पुराबरोबर निसटणारे मासे

वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी 71.262 मीटर आहे. 1978 मध्ये पाणी 73.901 मीटरपर्यंत चढले होते आणि तोच आजवरचा उच्चांक आहे. गंगा फुगली की वरुणेचे पाणी उलटे वाहू लागते आणि नदीकाठची वस्ती व शेते पाण्याखाली जातात. अशा वेळी सखल भागातील तळ्याचा बांध पाण्याखाली गेला, तर त्यातील मासे नदीत मिसळतात. ते परत गोळा करता येत नाहीत.

निसटलेला मासा स्थानिक रोहू असेल तर हानी मर्यादित राहते, परकीय असेल तर ती कायमची ठरू शकते. हिमाचल प्रदेशातील गोविंदसागर जलाशयात 1971 च्या पुरात मत्स्यकेंद्रातून निसटलेला चंदेरा मासा पुढे तेथील सर्वांत प्रभावी प्रजाती बनला. गंगेच्या मधल्या टप्प्यात, विशेषतः प्रयागराज ते वाराणसी या पट्ट्यात, कॉमन कार्प आणि नाईल तिलापिया यांनी बस्तान बसवल्याचे शास्त्रज्ञांच्या अभ्यासांतून पुढे आले आहे. तिलापिया वर्षातून अनेकदा प्रजनन करतो आणि मादी पिल्लांना तोंडात सांभाळते, त्यामुळे त्याची बरीच पिल्ले जगतात. कॉमन कार्प तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि पाणवनस्पती उपटतो. भारतीय कार्प वर्षातून एकदाच, तेही पुराच्या पाण्यात अंडी घालतात. प्रवाह मंदावलेल्या आणि प्रदूषित नदीत ही स्पर्धा विषम ठरते.

हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. भीमा नदीवरील उजनी जलाशयात ‘चिलापी’ या नावाने ओळखला जाणारा तिलापिया आज प्रमुख मासा आहे. त्याने अनेक मच्छीमारांना रोजगार दिला, परंतु स्थानिक माशांना मागे सारले. पुण्यातील मुळा-मुठा नद्यांतही स्थानिक प्रजातींच्या ऱ्हासामागे प्रदूषणाबरोबर परकीय माशांचा शिरकाव हे एक कारण असल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. एका अर्थाने तिलापिया हा लाभ आणि धोका यांचे एकाच देहातील उदाहरण आहे.

‘थाई मागूर’ नावाने विकल्या जाणाऱ्या आफ्रिकी मागूर माशाचा धोका अधिक तीव्र आहे. हा मांसाहारी मासा हवेतून श्वास घेऊ शकतो, ओल्या जमिनीवरून सरकत दुसऱ्या पाण्यात जातो आणि इतर मासे व बेडूक खातो. केंद्र सरकारने 2000 मध्ये त्याच्या संवर्धनावर बंदी घातली आणि राष्ट्रीय हरित लवादानेही पुढे कारवाईचे आदेश दिले. तरीही उत्तर प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत चोरट्या संवर्धनावर वेळोवेळी कारवाई करावी लागते. अत्यंत दाट संख्येत, प्राणवायू नसलेल्या पाण्यात आणि कत्तलखान्यातील टाकाऊ मांसावरही तो वाढतो. नफ्याचे हेच कारण पर्यावरणाच्या आणि आरोग्याच्या हानीचेही कारण आहे.

धोका केवळ खाद्य माशांचा नाही. सप्टेंबर 2020 मध्ये वाराणसीजवळ गंगेत दक्षिण अमेरिकेतील सकरमाउथ कॅटफिश आढळला. हा शोभेच्या टाक्यांतील मासा असून त्याच्या अंगावर हाडांचे कठीण कवच असते. त्याला बाजारमूल्य नाही, त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि इतर माशांच्या अन्नावर तो डल्ला मारतो.

वंशाची शुद्धता

मत्स्यबीज केंद्रातील चूक डोळ्यांना दिसत नाही, पण दूरवर पोहोचते. काही केंद्रांत त्याच त्या नर-माद्यांपासून वर्षानुवर्षे बीज घेतले जाते. काही ठिकाणी कटला आणि रोहू एकाच हौदात प्रजननासाठी सोडले जातात आणि संकरित पिल्ले निपजतात. निकट वंशातील प्रजननाने वाढ खुंटते व रोगप्रतिकारशक्ती घटते. असे मासे नदीत गेल्यास गंगेतील मूळ वन्य वंश दुर्बळ होण्याची भीती असते. तीच वन्य संपदा देशभरातील मत्स्यशेतीची जनुकीय पेढी आहे. ती गमावली तर उद्याच्या सुधारित वाणांसाठी मूळ भांडवलच उरणार नाही.

गंगेतील मासे वाढवण्यासाठी नमामि गंगे आणि मत्स्य संपदा योजनेअंतर्गत नदीत बोटुकली सोडली जाते. वाराणसीचाही या उपक्रमात समावेश आहे. केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्था त्यासाठी गंगेतूनच पकडलेल्या वन्य नर-माद्यांपासून बीज तयार करते. बाजारातील बीज सोडण्यापेक्षा ही पद्धत शास्त्रशुद्ध आहे. सोडलेल्या माशांमुळे नदीतील नत्रयुक्त घाण कमी होईल, असाही दावा 2021 मध्ये करण्यात आला होता. मासे सेंद्रिय पदार्थ खातात हे खरे. परंतु त्यातील मोठा भाग ते अमोनियाच्या रूपाने पुन्हा पाण्यातच सोडतात. मासा पकडून बाहेर काढला तरच त्याच्या शरीरातील नत्र नदीतून कमी होते. सांडपाणी प्रक्रियेला मासे पर्याय ठरू शकत नाहीत.

नदीत मासे सोडण्याला प्रवाहाचीही मर्यादा आहे. 1975 मध्ये फरक्का बंधारा कार्यान्वित झाल्यानंतर समुद्रातून वर येणाऱ्या हिलसा माशाची वाट अडली आणि प्रयागराजपर्यंत पोहोचणारा हा मासा मधल्या गंगेतून जवळपास नाहीसा झाला. अधिवास तुटला तर केवळ बीज सोडून प्रजाती परत येत नाही.

रोग, औषधे आणि सांडपाणी

दाट संख्येतील माशांमध्ये अर्गुलस ही माशांवरची ऊ, जिवाणूजन्य व्रण आणि कल्ल्यांचे रोग झपाट्याने पसरतात. अनेकदा निदानाविनाच प्रतिजैविके आणि कीटकनाशके तळ्यात टाकली जातात. त्यांचे अंश माशांत आणि गाळात राहतात व औषधांना न जुमानणारे जिवाणू तयार होतात. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या औषधांना खाद्य माशांमध्ये मनाई आहे.

शहरालगतच्या तळ्यांपुढे सांडपाण्याचाही प्रश्न आहे. सांडपाण्यातील पोषकद्रव्ये मासे वाढवू शकतात, हे पूर्व कोलकात्याच्या पाणथळीने दाखवले आहे. सुमारे 12,500 हेक्टरच्या या रामसर स्थळात घरगुती सांडपाणी उथळ तळ्यांत उन्हाने आणि शैवालाने शुद्ध होत मत्स्यशेतीला मिळते. पण औद्योगिक सांडपाणी त्यात मिसळले तर चित्र पालटते. वाराणसीच्या दिनापूर परिसरात सांडपाण्यावर पिकवलेल्या भाज्यांत जड धातू साठत असल्याचे काशी हिंदू विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले आहे. तशाच पाण्यात वाढवलेल्या माशांच्या बाबतीत नियमित तपासणी अपरिहार्य ठरते.

पाण्याचा हिशेब

एक हेक्टर क्षेत्राचे दीड मीटर खोल तळे भरण्यास 15,000 घनमीटर, म्हणजे दीड कोटी लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तरी रोज 50,000 लिटर पाणी हवेत जाते. पावसाच्या पाण्यावर भरणारे परंपरागत तळे भूजलात भर घालते. कूपनलिकेवर चालणारे नवे तळे भूजल उपसते आणि त्यातील काहीच भाग झिरपून परत जातो. दोहोंतील मासा सारखाच दिसतो, त्यांचे पर्यावरणीय मूल्य मात्र सारखे नसते.

कायद्यातील पोकळी

कोळंबी संवर्धनाने किनारपट्टीची जमीन व पाणी खारट होऊ लागले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 1996 रोजी एस. जगन्नाथ प्रकरणात कठोर निर्बंध घातले. पुढे 2005 मध्ये किनारी जलसंवर्धन प्राधिकरण कायदा आला. तो किनारी क्षेत्रापुरता आहे. अंतर्गत भागातील गोड्या पाण्याच्या मत्स्यशेतीसाठी तसा केंद्रीय कायदा नाही. मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतील विषय असल्याने नियंत्रण राज्यांकडे आहे. नदी मात्र राज्याची सीमा पाळत नाही. उत्तर प्रदेशात निसटलेला मासा बिहार आणि पश्चिम बंगालच्या पाण्यातही पोहोचतो.

शाश्वत मार्ग

यावरील उपायांपैकी बरेचसे कमी खर्चाचे आणि परिचित आहेत. बांधाची उंची स्थानिक पूररेषेपेक्षा अधिक ठेवणे आणि पाणी सोडण्याच्या तोंडाशी बारीक जाळी बसवणे ही पहिली गरज आहे. पूरक्षेत्रातील तळ्यांत फक्त स्थानिक प्रजाती वाढवल्यास बांध फुटूनही नदीचे नुकसान मर्यादित राहते. तळ्याचे पाणी नाल्यात न सोडता शेताला दिल्यास त्यातील नत्र व स्फुरद पिकाला खत म्हणून मिळते. तळाचा गाळही शेतात पसरता येतो. शिंगाड्याची जोड दिल्यास पाण्यातील पोषकद्रव्ये काही अंशी शोषली जातात आणि दुसरे पीकही मिळते.

खाद्य मोजून व वेळेवर देणे, पहाटे प्राणवायूची पातळी तपासणे आणि बीज प्रमाणित केंद्रातूनच घेणे या सवयी उत्पन्न वाढवतात आणि प्रदूषणही रोखतात. लखनऊ येथील राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो आणि मुंबईत वर्सोवा येथील केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था यांसारख्या संस्थांकडे यासाठी आवश्यक ज्ञान उपलब्ध आहे. ते पट्टाधारकापर्यंत पोहोचवणारी विस्तारसेवा गावपातळीवर बळकट होण्याची आवश्यकता आहे.

मत्स्यशेतीचे मोजमाप आज प्रामुख्याने हेक्टरी टनांत होते. गंगेच्या काठी ते अपुरे आहे. तळ्यातून किती मासा बाजारात गेला, याबरोबरच कोणते पाणी, कोणती औषधे आणि कोणती प्रजाती तळ्याबाहेर गेली, याचीही नोंद ठेवावी लागेल. ज्या नदीने कटला, रोहू आणि मृगळ दिले, तिचे आरोग्य राखणे हे या व्यवसायाच्या स्वतःच्या भवितव्यासाठीही आवश्यक आहे.